राजा रविवर्मा: फोटोशॉपच्या आधीचे लेयर आणि आजीची टिकल्यांची लक्ष्मी



मागच्या दिवाळीत माझ्या चुलत बहिणीला स्वतःच्या हातानं केलेलं काहीतरी गिफ्ट द्यायचं ठरवलं होतं. ती अ‍ॅनिमेची जबरदस्त फॅन. आवडत्या पात्रांचे कपडे स्वतः शिवते, घालते, मिरवते. तिला दुकानातला तयार टी-शर्ट दिला असता तर तिनं वर्षभर टोमणे मारले असते.

त्याच सुट्टीत गावच्या घरी साफसफाई करताना देवघरातली लक्ष्मीची जुनी तसबीर खाली काढली. कमळावर उभी असलेली, चार हातांची, शेजारी हत्ती असलेली ती लक्ष्मी तुम्हीही नक्की पाहिली असेल. पण आमच्या लक्ष्मीच्या साडीला खरीखुरी जर चिकटवलेली होती! काठावर टिकल्या, गळ्यात बारीक मणी. आजीला विचारलं तर म्हणाली, हे सगळं तिच्या सासूबाईंनी दुपारच्या वेळात बसून केलंय. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं: रविवर्मा प्रेस, कार्ला.

मी कोड लिहिणारा माणूस, चित्रकलेत माझी गती बेताचीच. पण हा प्रिंट कार्ल्याला छापलाय म्हटल्यावर राहवेना. शोधत गेलो आणि एका जबरदस्त माणसाची गोष्ट सापडली. तीच आज सांगतो.

बघून बघून शिकलेला चित्रकार

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, आजच्या केरळमधल्या किलिमानूरचा. तेव्हा हा भाग त्रावणकोर संस्थानात होता. काका राजराज वर्मा स्वतः चित्रं काढायचे, पहिले धडे त्यांच्याकडून मिळाले. पुढे हा मुलगा तिरुअनंतपुरमच्या राजवाड्यात राहायला गेला आणि महाराजांच्या आश्रयाखाली शिकू लागला.

अडचण एकच होती. त्याला तेलरंग शिकायचे होते आणि ते तंत्र आपल्याकडे नवं होतं. येणारे लोक मोजके आणि शिकवायला कुणी फारसं तयार नाही. १८६८ च्या सुमारास थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार राजवाड्यात आला. त्यानंही हातचं राखूनच शिकवलं. रविवर्मांना बरंचसं नुसतं बघून उचलावं लागलं. व्हिडिओ पॉज करून मागे घ्यायची सोय नसलेलं ट्युटोरियल समजा! बाकी सगळं स्वतः चुका करत, रंग मिसळत शिकले.

१८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं. केसात गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीचं ते चित्र. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही बक्षीस मिळालं. वय फक्त पंचवीस. यानंतर राजेरजवाडे आणि बडे इंग्रज अधिकारी पोर्ट्रेटसाठी त्यांना बोलावू लागले.

एका पत्रानं दिलेली आयडिया

१८८१ मध्ये रविवर्मा बडोद्याला आले. तरुण सयाजीराव गायकवाडांच्या हाती राज्यकारभार आला, त्या समारंभाचं वर्ष. पुढे सयाजीरावांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा मोठी चित्रं काढायचं काम त्यांना दिलं. ती लोकांना पाहायला खुली केली तेव्हा प्रचंड गर्दी झाली. पुराणातली माणसं अशी हाडामांसाची, समोर उभी असल्यासारखी लोकांनी कधी पाहिलीच नव्हती.

पण गोची बघा. चित्र एक आणि बघायची इच्छा असलेले लाखो. शिवाय ते चित्र शेवटी राजवाड्याच्या भिंतीवर जाणार. तुमच्या-माझ्या पणज्यांना तिथं कोण आत सोडणार?

यावरचा उपाय सुचवला टी. माधवराव यांनी. हे आधी त्रावणकोरचे आणि मग बडोद्याचे दिवाण, तंजावरच्या मराठी घराण्यांपैकी एकातले. त्यांनी १८८४ मध्ये रविवर्मांना पत्र लिहून सांगितलं की मागणी एवढी आहे आणि हात तर दोनच आहेत. तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे रंगीत प्रिंट काढून घ्या.

रविवर्मांनी त्याच्याही पुढे जायचं ठरवलं. चित्रं बाहेर पाठवण्यापेक्षा छापखानाच इथं आणायचा. १८९४ मध्ये एका व्यापाऱ्याच्या भागीदारीत त्यांनी मुंबईत प्रेस सुरू केला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. रोजचं काम बघायला धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा होता, तोही चित्रकार. शकुंतलेच्या जन्माचं चित्र पहिल्यांदा छापलं गेलं. मग लक्ष्मी, सरस्वती आणि बाकीचे देव.

एक गोष्ट स्पष्ट करतो. देवादिकांची रंगीत चित्रं छापणारे ते पहिले नव्हेत. पुण्यात चित्रशाळा प्रेस १८७८ पासून हे काम करत होता. पण तेलचित्राचा भास होईल असे प्रिंट आणि त्यांची मोठ्या प्रमाणावर विक्री, यात रविवर्मांचं नाव सगळ्यात पुढे गेलं.

दगडावरचे लेयर

आता जरा टेक्निकल बोलू. हे प्रिंट निघायचे कसे? तंत्राचं नाव लिथोग्राफी, म्हणजे शिळाछपाई. जर्मनीतल्या आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास ते शोधलं. तत्त्व अगदी साधं आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत.

गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं. त्यावर रसायनाची प्रक्रिया करून दगड ओला करायचा. जिथं चित्र आहे तिथं पाणी टिकत नाही, बाकी दगड पाणी धरून ठेवतो. मग वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला चिकटते. कागद ठेवा, दाब द्या, प्रिंट तयार.

रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागतो. साडीच्या लालीचा एक, आकाशाच्या निळ्याचा एक, त्वचेच्या छटांचे आणखी काही. एकेका चित्राला डझनभर दगडही लागायचे. फोटोशॉपमध्ये आपण लेयर बनवतो ना? तेच हे, फक्त एकेक लेयर दोन माणसांनी मिळून उचलायचा! आणि कंट्रोल-झेड नाही. मूळ चित्रातले रंग वेगळे करायला सॉफ्टवेअर नव्हतं. कारागीर नुसत्या नजरेनं ठरवायचे की या गालावर किती गुलाबी आणि किती पिवळा आहे. तेही उलटं, आरशात दिसतं तसं.

सगळ्यात अवघड काम म्हणजे हे दगड एकमेकांवर तंतोतंत जुळवणं. कॉलेजच्या फेस्टसाठी आम्ही तीन रंगांचे टी-शर्ट स्क्रीन प्रिंट केले होते. एक स्क्रीन दोन मिलिमीटर सरकली आणि आमच्या रोबोटचा डोळा गालावर आला. तीन रंगांत ही अवस्था, तर डझनभर रंगांत काय होत असेल? शेवटी प्रिंटवर वार्निश चढायचं, कधी कॅनव्हाससारखा पोतही दाबला जायचा. म्हणून तो तेलचित्रासारखा दिसायचा आणि म्हणूनच त्याला ओलिओग्राफ म्हणतात.

घरी जुना प्रिंट असेल तर मोबाईलचा मॅक्रो मोड लावून बघा. आजच्या छपाईत ठिपके शिस्तीत, ओळीनं दिसतात. जुन्या शिळाछापात ते वेडेवाकडे असतात, कारण ते माणसानं हातानं मारलेले आहेत.

मळवली, कर्ज आणि विक्री

तंत्र जमलं, लोकांना आवडलं, पण हिशेब जमेना. आजच्या कितीतरी स्टार्टअपची हीच गोष्ट आहे, नाही का? परदेशी यंत्रं, परदेशी तंत्रज्ञांचे पगार, वरून १८९६ मध्ये मुंबईत प्लेग. १८९९ मध्ये प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तोवर कर्ज फार वाढलं होतं.

शेवटी नव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्मांनी प्रेस विकून टाकला. घेणारा त्यांचाच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर. यंत्रांसोबत अनेक चित्रं छापायचे हक्कही गेले. म्हणजे ज्या चित्रांनी त्यांचं नाव घराघरात पोहोचलं, त्यांच्या पुढच्या छपाईवर त्यांचाच ताबा राहिला नाही. प्रेस नंतरही अनेक वर्षं चालला. ती चित्रं कॅलेंडरवर, जाहिरातींत, काडेपेटीवरही गेली.

१९०४ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९०५ मध्ये भाऊ गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, रविवर्माही गेले. पुढे बऱ्याच समीक्षकांनी त्यांना फार पाश्चात्त्य म्हणून, कॅलेंडरछाप म्हणून नावं ठेवली. १९७२ मध्ये मळवलीच्या प्रेसला आग लागली आणि तिथला बराच ठेवा जळाला.

या प्रेसच्या कामातून गेलेलं एक नाव मात्र सांगायलाच हवं: धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेबांनी या प्रेससाठी फोटो-लिथोचं काम केलं होतं. १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. छापलेले देव बघून लोक हात जोडतात, हे ज्यानं जवळून पाहिलं, त्यानंच ते पडद्यावर चालते-फिरते केले.

टिकल्या कुणी लावल्या?

आता परत आमच्या लक्ष्मीकडे. प्रिंटवर जर, टिकल्या, कापड लावून सजवणं हा फक्त आमच्या घरचा प्रकार नव्हता. देशभर अशा सजवलेल्या तसबिरी सापडतात. मला हे फार भारी वाटतं. राजवाड्यातलं चित्र बघायला मिळणं शक्य नव्हतं आणि कित्येकांना तर देवळाच्या गाभाऱ्यातही प्रवेश नव्हता. त्यांच्या हातात पहिल्यांदा एक प्रिंट आला. आणि त्यांनी काय केलं? तो आपला केला. सुई-दोरा आणि डिंक घेऊन आजीच्या सासूबाईंनी जे केलं, तेच माझी बहीण ग्लू गन घेऊन करते. ज्यावर जीव आहे ते नुसतं बघून भागत नाही, हाताला काहीतरी करावंसं वाटतं.

रविवर्मांचं सगळ्यात मोठं काम मला इथं दिसतं. प्रेस बुडाला, हक्क गेले, पण चित्र लोकांच्या हाती गेलं ते गेलंच.

हे लिहिताना एक गोष्ट कबूल करायची आहे. दोन वर्षांपूर्वी मी मित्राच्या वाढदिवसाला एक टी-शर्ट छापला होता. चित्र नेटवरून उचललेलं, एका हयात चित्रकर्तीचं. कोपऱ्यातली तिची सही प्रिंटच्या मापात बसेना, म्हणून मी ती क्रॉप केली. तेव्हा काहीच वाटलं नाही. हक्क हातातून गेलेल्या रविवर्मांबद्दल वाचताना मात्र ती सही आठवली आणि लाज वाटली. मग तिला मेसेज करून माफी मागितली, तिच्या एका प्रिंटचे पैसे दिले.

रविवर्मांच्या चित्रांची गोष्ट वेगळी आहे. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, तो इथं केव्हाच संपला. म्हणून मी आजीच्या लक्ष्मीचा फोटो उन्हाची तिरीप टाळून, काच काढून नीट काढला, तो कापडी पिशवीवर छापून घेतला आणि साडीचे काठ मुद्दाम मोकळे सोडले. सोबत एका डबीत टिकल्या, जर आणि सुई-दोरा दिला.

बहिणीनं काठ पूर्ण केलेत. लक्ष्मीच्या हत्तीला तिनं अ‍ॅनिमेतल्यासारखे मोठे चमकदार डोळेही लावलेत. आजीनं पिशवी हातात घेऊन बराच वेळ टाके तपासले आणि जर जरा सैल आहे एवढंच म्हणाली.

तुमच्याही घरी अशी जुनी तसबीर असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत देऊ नका. आधी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, टिकल्या कुणी लावल्या होत्या?