एक अक्षर, चाळीस वर्षं : उल्फ फॉन ऑयलर

चेतासंस्था शिकवताना आपण बहुतेक जण चेतातंतूची तुलना विजेच्या तारेशी करतो. मुलांना ते पटकन कळतंही. पण एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप पोचतो तो बहुतेक वेळा रसायनाच्या रूपात. हे निरोपे शोधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांतले एक म्हणजे स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर.

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९०५ रोजी स्टॉकहोमला झाला. घर शास्त्रज्ञांचंच. आजोबा पेर टेओडोर क्लेव्ह यांनी होल्मियम आणि थुलियम ही मूलद्रव्यं शोधली होती. वडील हान्स यांना १९२९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आई आस्ट्रिड क्लेव्ह विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी स्वीडनमधली पहिली स्त्री. तिला मात्र बऱ्याचदा एका ओळीत उरकलं जातं.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत वैद्यकाचं शिक्षण घेऊन उल्फ १९३० मध्ये लंडनला हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत गेले. वय पंचवीस. काम दिलं गेलं ते अ‍ॅसिटिलकोलीनचं. प्रयोग आजही वर्गात फळ्यावर काढून दाखवता येईल असा आहे. सशाच्या आतड्याचा तुकडा क्षारयुक्त पाण्यात टांगायचा, त्याला एक तरफ जोडायची; आतडं आकुंचन पावलं की तरफ हलते आणि फिरत्या कागदावर रेघ उमटते. अ‍ॅसिटिलकोलीन टाकलं की आतडं आकुंचन पावतं, आणि आधी अ‍ॅट्रोपीन दिलेलं असेल तर त्याचा परिणाम थांबतो.

उल्फनी ऊतींचा अर्क टाकला. अ‍ॅट्रोपीन असूनही आतडं आकुंचन पावत राहिलं! म्हणजे अर्कात दुसरंच काहीतरी होतं. सहकारी जॉन गॅडम यांच्यासोबत त्यांनी ते मेंदूत आणि आतड्यात असल्याचं दाखवलं. त्याने रक्तदाबही उतरत होता. १९३१ मध्ये निबंध छापून आला, त्यात त्यांनी हा पदार्थ अज्ञात असल्याचं सरळ लिहून टाकलं. त्याच्या भुकटीला नोंदींमध्ये ‘पी’ म्हणत, म्हणून पुढे नाव पडलं ‘सब्स्टन्स पी’. पी म्हणजे पेन, असं पुष्कळ जण धरून चालतात, पण नाव पडलं तेव्हा वेदनेशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

हा पदार्थ पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी साखळी, असावा हे त्यांना लवकरच उमगलं. पण साखळीत नेमकं काय आहे हे ओळखण्याइतका शुद्ध पदार्थ हाती येईना. मग काय, ते अक्षर तसंच ठेवून माणूस पुढच्या कामाला लागला. १९३५ मध्ये प्रोस्टाग्लँडिन. १९४६ मध्ये सगळ्यांत मोठं काम: अनुकंपी चेतातंतू निरोपासाठी नॉरअ‍ॅड्रेनलीन वापरतात, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी १९७० चं नोबेल त्यांना बर्नार्ड कॅट्झ आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांच्यासह मिळालं.

मला मात्र १९४५ मधली गोष्ट जास्त मोलाची वाटते. प्रोस्टाग्लँडिनचं रसायन उलगडणं आपल्या आवाक्यातलं नाही हे ओळखून त्यांनी जपून ठेवलेले अर्क सुने बर्गस्ट्रॉम या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या हवाली केले. आपला शोध असा दुसऱ्याच्या हाती द्यायला मन मोठं लागतं. बर्गस्ट्रॉम यांना त्याच कामासाठी १९८२ मध्ये नोबेल विभागून मिळालं, ते पाहायला उल्फ हयात होते.

आणि ‘पी’चं काय झालं? अमेरिकेत सुसान लीमन वेगळ्याच संप्रेरकाच्या शोधात होत्या. गाईगुरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा अर्क उंदरांना टोचला, तर त्यांच्या तोंडाला लाळ सुटली. हे काय म्हणून त्या मागे लागल्या, आणि निघालं ते जुनंच सब्स्टन्स पी. १९७१ मध्ये लीमन आणि मायकेल चँग यांनी त्यातल्या अकराही अमिनो आम्लांचा क्रम जाहीर केला. तोवर चाळीस वर्षं लोटली होती.

९ मार्च १९८३ रोजी फॉन ऑयलर वारले. सब्स्टन्स पीची वाट अडवली की वेदना थांबतील, या आशेवर पुढे औषधं तयार झाली, पण ती माणसांवर फारशी चालली नाहीत. अनपेक्षितपणे उपयोग झाला तो उलटीवर. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना आज दिलं जाणारं अ‍ॅप्रेपिटंट हे औषध याच पदार्थाचा निरोप अडवतं.