चर्नी रोडच्या बागेतले मास्तर

मुंबईत चर्नी रोड स्टेशनजवळच्या बागेत, साधारण नव्वद वर्षांपूर्वी नव्हे, त्याच्याही बऱ्याच आधी, १९०७ सालाच्या अलीकडेपलीकडे, एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन बसत असे. विल्सन हायस्कूलमधले कृष्णराव अर्जुन केळुसकर मास्तरही तिथे वाचत बसायचे. मुलाची चिकाटी पाहून त्यांनी आपणहून चौकशी केली. मग काय वाचावे ते सांगू लागले, पुस्तके देऊ लागले. मुलगा होता भीमराव रामजी आंबेडकर.

आई लहानपणीच गेलेली. साताऱ्याच्या शाळेत तो घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. गिरणीत काम करायला मुंबईला पळून जावे म्हणून त्याने आत्याचा बटवा लांबवला. आत निघाला अर्धा आणा! शरमेने त्याने पळण्याचा नाद सोडला आणि अभ्यासाला लागला. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणित सोडवायला तो फळ्याकडे निघाला, तेव्हा विटाळ नको म्हणून वर्गातली मुले फळ्यामागचे डबे उचलायला धावली.

घरी मात्र सुभेदार रामजी होते. परळच्या चाळीत एकच खोली. मुलाला लवकर झोपवून वडील रात्री दोनपर्यंत जागत, त्याला अभ्यासाला उठवत आणि मगच आडवे होत. पुस्तक हवे असले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने पैसे मागत; नाही मिळाले तर लेकीचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून आणत. बँकेत माझी हयात तारणाच्या कागदांत गेली, पण एवढा चोख कर्जदार मला भेटला नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. त्याच्या सत्कारात केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. अनेकांचे कौतुक अशा समारंभापाशीच थांबते. इंटरनंतर रामजींचे हात टेकले, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. वयाने थोराड माणसाने पोराच्या मागे वर्षानुवर्षे असे उभे राहणे मला त्या पुस्तकाहून मोलाचे वाटते.

फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी वारले. त्याच वर्षी मुलगा बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. पुढचे, महाडपासून राज्यघटनेपर्यंतचे, सर्वांना ठाऊक आहे.

१९५६ मध्ये, अखेरच्या वर्षात, बाबासाहेबांनी आपल्या बुद्धावरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. सत्कारात मिळालेल्या त्या पुस्तकाची आणि दादा केळुसकरांची आठवण तीत आहे. दादांना जाऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती.