रावबहादूर सीताराम केशव बोले : ठरावापासून तळ्यापर्यंत

महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे वर्णन करणाऱ्या बहुतेक मराठी ग्रंथांत रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा उल्लेख एका वाक्यात येतो आणि तेथेच संपतो. त्यांनी मुंबई कायदेकौन्सिलात अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव मांडला, तो संमत झाला, आणि त्याच्या आधारे 1927 साली सत्याग्रह झाला, एवढीच नोंद बहुधा आढळते. नव्वदीपार आयुष्य लाभलेल्या आणि त्यातील मोठा काळ सार्वजनिक कार्यात घालवलेल्या माणसाची ओळख अशी एका तारखेपुरती उरावी, ही मराठी चरित्रवाङ्मयातील एक उणीवच म्हणावी लागेल. शिवाय त्या एका तारखेचा अर्थही तिच्या आगेमागे काय घडले हे पाहिल्यावाचून कळत नाही.

बोले यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातला. भंडारी समाजात जन्मलेल्या या माणसाची घडण मुंबईत गिरण्यांच्या परिसरात झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली आणि 'दीनबंधू'तून त्यांचे प्रश्न मांडले. 1897 मध्ये लोखंडे निवर्तले. त्यांच्या मागे जी पोकळी निर्माण झाली ती काही अंशी भरून काढणाऱ्या कामगार हितवर्धक सभेच्या स्थापनेत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस, बोले अग्रभागी होते. ही सभा आजच्या अर्थाने कामगार संघटना नव्हती. संप पुकारण्यापेक्षा अर्ज करणे, निवेदने देणे, सरकार व मालक यांच्याशी बोलणी करणे हा तिचा मार्ग होता. कामाचे तास आणि अपघातातील भरपाई हे तिचे विषय होते. या पद्धतीची पुढे डाव्या चळवळीने थट्टा केली, आणि ती पूर्णतः अनाठायी नव्हती. तथापि अर्जविनंत्यांच्या या शाळेतच बोले यांना एक गोष्ट नेमकी उमगली असावी : सरकारच्या दारी गाऱ्हाणे नेताना त्याची भाषा सरकारला टाळता येणार नाही अशी करावी लागते.

याच काळातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा त्याच्या सत्कारासाठी भरलेल्या सभेचे अध्यक्षपद बोले यांच्याकडे होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याला भेट दिले ते याच सभेत. केळुसकरांची भेट मराठी साहित्याच्या इतिहासात स्मरणात राहिली. अध्यक्ष मात्र विस्मरणात गेले.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार 1921 मध्ये नवी प्रांतिक कायदेमंडळे अस्तित्वात आली. स्थानिक स्वराज्य, शिक्षण, आरोग्य ही 'सोपीव' खाती लोकप्रतिनिधींना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली. अधिकार तुटपुंजे होते, काँग्रेसने प्रथम या कौन्सिलांवर बहिष्कार टाकला होता, आणि राष्ट्रीय वृत्तपत्रांच्या दृष्टीने तेथे जाणारे सभासद टीकेचे धनी होते. ब्राह्मणेतर पक्षाच्या आणि दलितांच्या प्रतिनिधींनी मात्र या अपुऱ्या साधनाचा जितका उपयोग करून घेतला तितका इतरांनी क्वचितच केला. यामागील कारण उघड आहे. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नाही त्याच्या दृष्टीने नगरपालिका, लोकल बोर्ड आणि सरकारी दवाखाना यांवरील नियंत्रण हाच राज्यकारभाराचा गाभा होता.

4 ऑगस्ट 1923 रोजी संमत झालेला बोले यांचा ठराव या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. सरकारी निधीतून बांधलेल्या वा चालवलेल्या, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. ठरावात धर्माचा उल्लेख नाही, पापपुण्याचा नाही, सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाचे आवाहनही नाही. अस्पृश्यतेविषयी त्या काळी मराठीत जे लेखन होत होते त्याचा बराच भाग शास्त्राधार शोधण्यात आणि खोडण्यात खर्ची पडत असे. बोले यांनी तो सगळा वाद बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न उरवला : पैसा कोणाचा? सर्वांच्या करातून उभे राहिलेले पाणी एका वर्गाला नाकारता येत नाही, ही भूमिका नागरिकत्वाची होती. जिला आज नागरी स्वातंत्र्य म्हटले जाते ती संकल्पना या इलाख्याच्या विधिमंडळीय कामकाजात इतक्या स्पष्टपणे याआधी क्वचितच आली असेल.

येथे 'सार्वजनिक' या शब्दाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने 1870 मध्ये हा शब्द राजकीय व्यवहारात रूढ केला. तेथे त्याचा अर्थ सरकारपुढे रयतेच्या वतीने बोलणारे सुशिक्षित, एवढाच होता. जोतीराव फुले यांच्या 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त हाच शब्द स्त्रीपुरुषांसह सर्व मानवांना कवेत घेतो. तथापि गावच्या बोलीत विहीर 'गावची' असते, आणि गाव या शब्दात वेस ओलांडून महारवाड्यापर्यंत पोहोचण्याचे बळ नव्हते. बोले यांच्या ठरावाने गावच्या विहिरीला सार्वजनिक विहीर म्हटले. संघर्ष या दोन शब्दांच्या मधल्या अंतरातच होता.

ठराव ही केवळ शिफारस होती. तीत दंडाची तरतूद नव्हती आणि ती सरकारवर बंधनकारकही नव्हती. सरकारने 11 सप्टेंबर 1923 रोजी खात्यांना अंमलबजावणीच्या सूचना दिल्या. महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे पूर्ण झाले; तळ्याच्या पायऱ्यांवर काहीच बदलले नाही. इतर अनेक पालिकांनी व बोर्डांनी एवढेही केले नाही. म्हणून 5 ऑगस्ट 1926 रोजी बोले यांनी दुसरा ठराव मांडला : ज्या स्थानिक संस्था पहिला ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. पहिल्या ठरावाइतका हा ठराव गाजला नाही. वास्तविक बोले यांच्या राजकीय समजेची खरी खूण हाच ठराव आहे. पैशाच्या युक्तिवादाने हक्क सिद्ध केल्यावर त्यांनी अंमलबजावणीचे साधनही पैशातच शोधले.

या ठरावाची हद्द इलाख्याच्या सीमेवर संपत होती, हेही विसरता येत नाही. नागपूर, वर्धा, काटोल हा सारा मराठी मुलूख तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होता आणि त्याचे कायदेकौन्सिल नागपुरात भरत असे. काटोलपासून फारसे दूर नसलेल्या मोहपा येथे जन्मलेल्या किसन फागुजी बनसोडे यांनी नागपुरात शाळा, छापखाना आणि नियतकालिके यांद्वारे हीच लढाई चालवली. गणेश आकाजी गवई यांच्यासारखे प्रतिनिधी तेथील कौन्सिलात होते. परंतु मुंबईत संमत झालेल्या ठरावाचा हवाला काटोलच्या विहिरीवर देता आला नसता. एकाच भाषेच्या, एकाच सामाजिक रूढीच्या लोकांना प्रांतागणिक वेगळा झगडा द्यावा लागला.

बोले यांच्या नावाशी निगडित असा आणखी एक कायदेविषयक प्रयत्न आहे, आणि महाडच्या छायेत तो झाकोळला गेला आहे. यजमानाने धर्मविधी स्वतः केला वा दुसऱ्याकडून करवला तरी गावजोशी आपल्या वतनी हक्काची दक्षिणा दाव्याने मागत असे. सत्यशोधकांचा आणि जोश्यांचा या प्रश्नावरील झगडा जुना होता. ओतूरच्या बाळाजी पाटलांवरील दावा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. बोले यांच्या जोशी बिलाने हा विषय कौन्सिलात आणला, आणि न बोलावलेल्या उपाध्यायाचा दक्षिणेवरील हक्क रद्द करणारा कायदा 1926 मध्ये मुंबई इलाख्यात झाला. सत्यशोधक जलशांनी आणि 'प्रबोधन'सारख्या पत्रांनी जे वातावरण तयार केले त्याचे कायद्यात झालेले हे रूपांतर होय. साहित्याच्या अभ्यासकाला जलशांचा परिणाम मोजावयाचा असेल तर त्याने या बिलाकडे अवश्य पाहावे.

20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेतील लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. जो हक्क कागदावर तीन वर्षांहून अधिक काळ होता तो त्या दिवशी बजावला गेला, आणि त्याची किंमत परतणाऱ्या प्रतिनिधींनी मारहाण सोसून मोजली. महाड नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला तो 4 ऑगस्ट 1927 रोजी, बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी. योगायोग खराच, पण बोचरा. डिसेंबरात स्पृश्यांनी न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला : तळे पालिकेच्या मालकीचे असून, अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही. न्यायालयाने समतेचे तत्त्व सांगितले नाही. मालकी आणि पुरावा एवढ्यावरच निकाल दिला. म्हणजे अखेरीस निर्णायक ठरला तो बोले यांनी 1923 मध्ये मांडलेलाच प्रश्न : तळे कोणाचे?

बोले यांच्या पुढील वाटचालीविषयी मात्र त्यांच्या चाहत्यांना अडचण वाटते. ते हिंदुमहासभेकडे वळले, तर आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्यास धर्मत्यागाची घोषणा केली. बोले यांच्या दृष्टीने हिंदू समाजाची सुधारणा हे साध्य होते. नागरी हक्क हे तिचे साधन होते. आंबेडकरांच्या दृष्टीने हक्क हेच साध्य होते. तळ्याच्या काठापर्यंत हे दोन मार्ग एकच भासले. या फरकामुळे 1923 चा ठराव उणा ठरत नाही, पण त्या ठरावावरून बोले यांना आंबेडकरी विचाराचे पूर्वसूरी ठरवणेही चुकीचे होईल.

सार्वजनिक पाणवठा नाकारणे हा दंडनीय गुन्हा ठरवणारा मुंबईचा कायदा 1946 चा, म्हणजे ठरावानंतर तेवीस वर्षांनी आलेला. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांच्याविषयी राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेली, अशी कसोटी येते. ती वाचताना 1923 चा ठराव आठवल्यावाचून राहत नाही. संविधानाने अर्थातच पुढचे पाऊल टाकले. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्यापर्यंत बोले यांचा युक्तिवाद पोहोचतच नव्हता, कारण तेथे सार्वजनिक पैसा नव्हता. अस्पृश्यता गुन्हे कायदा 1955 मध्ये आला. बोले 1961 मध्ये निधन पावले, तोवर हे सारे त्यांनी पाहिले होते. दादरच्या पश्चिम भागातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.