बियाण्यांचा राखणदार : निकोलाय वाविलोव

शेतातले भात आणि पाणथळ जागी आपोआप उगवणारे रानटी भात ही एकाच कुळातली भावंडे. रानटी भाताचे दाणे पिकताच लोंबीतून गळून पडतात, शेतातल्या भाताचे मात्र कापणीपर्यंत लोंबीलाच राहतात. हा फरक हजारो वर्षांच्या निवडीतून घडला. पिकांच्या अशा रानटी आप्तांचे मोल ओळखून त्यांचे बियाणे जगभरातून गोळा करणारा आणि अखेर उपासमारीने मरण पावलेला वैज्ञानिक म्हणजे निकोलाय इव्हानोविच वाविलोव.

वाविलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्कोतील एका व्यापारी कुटुंबात झाला. मॉस्कोत कृषिशिक्षण पूर्ण केल्यावर १९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथे विल्यम बेटसन यांच्याकडे आनुवंशशास्त्राचे धडे घेतले. रशियाला वारंवार ग्रासणाऱ्या दुष्काळांवर नव्या वाणांचा उतारा शोधणे हे त्यांचे ध्येय ठरले. १९२० मध्ये सारातोव येथे त्यांनी एक नियम मांडला. जवळच्या नात्यातील वनस्पतींमध्ये सारखेच बदल समांतरपणे आढळतात, त्यामुळे एकीत दिसलेला गुण दुसरीतही शोधता येतो, असा त्याचा आशय होता.

पुढे इराण, अफगाणिस्तान, इथिओपिया, चीन, जपान, मेक्सिको, दक्षिण अमेरिका असे देश आणि प्रदेश त्यांनी पालथे घातले. पिकांची उगमस्थाने निश्चित करणारा त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. भाताचे माहेर त्यांनी भारतात मानले होते. जपोनिका भाताची लागवड चीनच्या यांगत्से खोऱ्यात सुरू झाली, असे आता मानले जाते. मात्र जेथे विविधता अधिक तेथे बियाणे शोधावे, हे त्यांचे सूत्र आजही मार्गदर्शक आहे. १९४० पर्यंत लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले होते.

याच काळात त्रोफिम लिसेन्को यांचा उदय झाला. जनुकांचे अस्तित्वच नाकारणाऱ्या लिसेन्को यांना स्टालिनचे पाठबळ होते. १९३९ मध्ये एडिंबरोच्या आंतरराष्ट्रीय आनुवंशशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद वाविलोव यांना मिळाले, पण सरकारने त्यांना जाऊ दिले नाही. ६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनच्या दौऱ्यावर असताना त्यांना अटक झाली. १९४१ मध्ये मृत्युदंड सुनावण्यात आला, तो पुढे वीस वर्षांच्या कैदेवर आला. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. धान्याचा एवढा साठा देशाला देणारा माणूस अन्नावाचून गेला.

इकडे वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे सहकारी बियाण्यांचे रक्षण करीत होते. भाताचे तज्ज्ञ द्मित्री इव्हानोव हजारो भातनमुने हाताशी असताना उपासमारीने मरण पावले. साठ्यातील दाण्यांना त्यांनी हात लावला नाही. १९५५ मध्ये वाविलोव निर्दोष ठरले आणि १९६७ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या दृष्टीची साक्ष पुढे भातानेच दिली. १९७० च्या दशकात आग्नेय आशियात भातपिकावर विषाणुरोगाचा घाला पडला, तेव्हा हजारो नमुने तपासल्यावर प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातील एका रानटी भातात. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी आणखी एक उलगडा केला. काही जपोनिका वाणांत दाणे गळणे कमी होण्यास कारणीभूत असलेले जनुक नाहीसे झालेले नाही. त्याच्या नियंत्रक भागातील एका अक्षराच्या बदलामुळे ते दाण्याच्या बुडाशी कार्यरत होत नाही, इतकेच. म्हणजे रानातले आणि शेतातले भात पुष्कळदा एकच वारसा बाळगतात; कोणते जनुक कुठे आणि केव्हा जागे होते, यातही त्यांचे वेगळेपण असते. ज्या विज्ञानापायी वाविलोव यांनी प्राण गमावले, त्याच विज्ञानाने त्यांचा संग्रह किती मोलाचा आहे हे दाखवून दिले.