कार्ल प्रुसिक

डॉ. कार्ल प्रुसिक (१९ मे, १८९६ - ८ मे, १९६१) हे ऑस्ट्रियन गिर्यारोहक आणि संगीताचे अभ्यासक होते. गिर्यारोहणात व दोराच्या साहाय्याने होणाऱ्या बचावकार्यात जगभर वापरली जाणारी 'प्रुसिक गाठ' त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जीवन

प्रुसिक यांचा जन्म व्हिएन्ना येथे झाला. त्यांनी संगीतशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. अठराव्या शतकातील जर्मन वादक व रचनाकार सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस यांच्या ल्यूट या तंतुवाद्यासाठीच्या रचनांवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडताना त्यांना या गाठीची कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते.

गिर्यारोहण

संगीताइतकेच प्रेम त्यांनी आल्प्सच्या कड्यांवर केले. सुमारे ७० नव्या मार्गांवरील पहिल्या चढाईचे श्रेय त्यांना दिले जाते. १९२९ मध्ये रोमान सालाय यांच्यासह त्यांनी ट्रिग्लाव्ह पर्वताच्या उत्तर कड्यावर चढाई केली. हा पर्वत आज स्लोव्हेनियात असून तो मार्ग दोघांच्या नावाने ओळखला जातो. गिर्यारोहकांसाठी व्यायाम आणि प्रस्तरारोहणाचे शिक्षण या विषयांवर त्यांनी पुस्तके लिहिली. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा भूषवले.

गाठीचा शोध आणि तिचे कार्य

हिमनदीवरील खोल भेगेत पडलेला किंवा कड्यावरून सुटून अधांतरी लोंबकळणारा गिर्यारोहक त्या काळी पूर्णपणे सोबत्यांवर अवलंबून असे. वर ओढून घेण्यास पुरेसे हात नसतील, तर छातीभोवती आवळलेल्या दोरामुळे श्वास कोंडून त्याचा जीव जाण्याची भीती होती. नुसते हातांनी दोर धरून वर चढणे थकलेल्या व गारठलेल्या माणसाला जवळजवळ अशक्य असते. या अडचणीवरचा उपाय म्हणून प्रुसिक यांनी १९३१ मध्ये आपली गाठ प्रसिद्ध केली.

या गाठीसाठी मुख्य दोरापेक्षा बारीक दोरीची दोन्ही टोके बांधून एक कडे तयार करतात. हे कडे मुख्य दोराभोवती सहसा तीन वेळा गुंडाळून प्रत्येक वेळी स्वतःच्याच आतून काढून घेतात आणि वेढे नीट शेजारी शेजारी बसवतात. कड्यावर भार पडताच वेढे आवळतात आणि घर्षणामुळे गाठ जागच्या जागी रुतते. भार काढला की तीच गाठ हाताने वर-खाली सरकवता येते. तिची रचना दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने ती दोन्ही दिशांना पकड घेते. अशी दोन कडी वापरून, एकावर भार देत दुसरे वर सरकवत, माणूस स्वतःच्या बळावर दोर चढून येऊ शकतो.

गाठीला मर्यादाही आहेत. बर्फाने माखलेल्या दोरावर तिची पकड कमी होते. दोरी मुख्य दोराइतकीच जाड असल्यास ती नीट आवळत नाही. मोठा भार येऊन गेल्यावर ती सैल करणे कठीण जाते. भारासह वेगाने घसरल्यास घर्षणाच्या उष्णतेने कृत्रिम धाग्याची दोरी वितळू शकते. म्हणून प्रत्यक्ष भार देण्यापूर्वी गाठ तपासून पाहण्याचा प्रघात आहे.

वारसा

प्रुसिक यांच्या काळात दोर तागासारख्या वनस्पतिजन्य धाग्यांचे असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर रूढ झाले, तरी ही गाठ टिकून राहिली. बाखमान, क्लेमहाइस्ट अशा इतर घर्षणगाठीही प्रचारात आल्या. पुढे स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेल्या 'जुमार'सारख्या यांत्रिक साधनांनी दोर चढणे सोपे केले. तथापि साधन हरवले वा बिघडले तर हाताशी उरते ती दोरीच. त्यामुळे प्रुसिक गाठ आजही गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणात शिकवली जाते. गुहासंशोधक, झाडांवर चढून काम करणारे कामगार आणि बचाव पथकेही ती वापरतात.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 'प्रुसिक पीक' नावाचे शिखर आहे. १९४८ मध्ये फ्रेड बेकी व आर्ट होल्बेन यांनी त्याच्या पहिल्या चढाईत, माथ्यावरील सुळक्यावरून दोर टाकून, याच गाठीचा आधार घेतला होता.

८ मे, १९६१ रोजी व्हिएन्नाजवळील पेर्ख्टोल्ड्सडॉर्फ येथे प्रुसिक यांचे निधन झाले. त्यांचे आडनाव जर्मन व इंग्रजी भाषांत दोर चढण्याच्या क्रियेसाठी क्रियापद म्हणून रूढ झाले आहे.