डब्लिनच्या टोपीवाल्याचा मुलगा

बँकेत असताना काही वर्षे माझ्याकडे निर्यातदारांची खाती होती. त्यातली बरीचशी अंधेरीच्या सीप्झमधली. कस्टमचे फाटक ओलांडले की परमुलखात शिरल्यासारखे वाटे. कच्चा माल जकात न भरता बाहेरून यायचा, तयार माल बाहेर जायचा आणि मधल्या कामाची मजुरी आपल्या पोरीबाळींच्या हाती पडायची. ही फाटकाआडची गावे वसवण्याची कल्पना निघाली कुठून, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. कागद पुढे सरकवण्यातच दिवस जायचा. निवृत्तीनंतर वाचायला सवड झाली तेव्हा कळले, की या वसाहतींची थोरली बहीण आयर्लंडमध्ये, शॅनन विमानतळाच्या कुशीत १९५९ साली वसली. आपले कांडला १९६५ चे, सीप्झ १९७३ चे. शॅननचा माग काढता काढता मी शॉन लेमास या गृहस्थापाशी पोचलो आणि तिथेच रेंगाळलो.

लेमास यांचा जन्म १५ जुलै १८९९ चा. वडिलांचे डब्लिनच्या केपल स्ट्रीटवर टोप्यांचे दुकान. जानेवारी १९१६ मध्ये घरात रिव्हॉल्व्हर हाताळताना शॉनच्या हातून गोळी सुटली आणि दोन वर्षांचाही न झालेला धाकटा भाऊ हर्बर्ट गेला. शॉन तेव्हा सोळा वर्षांचा. तीनच महिन्यांनी, ईस्टरच्या उठावात, तो डब्लिनच्या मुख्य पोस्टात बंदूक घेऊन उभा होता. वय पाहून इंग्रजांनी त्याला सोडून दिले. पुढे देश स्वतंत्र होता होता यादवी माजली. १९२३ मध्ये दुसरा भाऊ नोएल पळवला गेला, तेव्हा शॉन तुरुंगात होता. काही महिन्यांनी विक्लोच्या डोंगरात नोएलचे प्रेत सापडले. एवढे सोसलेल्या माणसाने पुढे त्या जखमांचे राजकीय भांडवल कधी केले नाही. त्या दिवसांविषयी ते बोलतच नसत.

१९३२ मध्ये डी व्हॅलेरांचा पक्ष सत्तेवर आला आणि लेमास उद्योग व व्यापार खात्याचे मंत्री झाले. वय अवघे बत्तीस. स्वदेशीचा मंत्र आपल्याकडे १९०५ पासून घरोघरी पोचलेला. तिथेही तोच होता. लेमासनी आयातीवर जकातींची उंच भिंत उभारली आणि कायदा केला, की नव्या कारखान्याच्या भांडवलात निम्म्याहून अधिक वाटा आयरिश माणसांचाच हवा. माझ्या पिढीतल्या बँकवाल्यांना हे वाचून आमचा ‘फेरा’ कायदा आणि त्यातली ४० टक्क्यांची मर्यादा आठवल्याशिवाय राहणार नाही. पळवाटाही तशाच निघाल्या. आयरिश नावे पुढे करून विलायती मालक मागे बसू लागले. तरीही बूट, कपडे, साखर असे उद्योग उभे राहिले, हजारो लोकांना काम मिळाले. त्या काळी ते धोरण चुकले असे मी म्हणणार नाही. सारे जगच तेव्हा दारे लावून बसले होते.

महायुद्धाच्या काळात लेमास पुरवठामंत्री होते. चहाचे रेशन माणशी आठवड्याला अर्ध्या औंसावर आले आणि लोकांनी त्यांच्या नावालाच ‘अर्धा औंस’ चिकटवला. चहावाचून कासावीस होणाऱ्या आपल्यासारख्यांना तो राग समजेल!

खरा घाव बसला तो युद्धानंतर. तीस लाखांच्या आतबाहेर लोकवस्तीचा देश. भिंतीआडच्या कारखान्यांनी त्यांच्यापुरते बूट शिवले, कपडे शिवले, आणि मग गिऱ्हाईकच संपले. बाहेर विकायचे तर माल महाग. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत सुमारे चार लाख माणसे देशाला उणी झाली. पत्र्याची ट्रंक घेऊन कोकणातून मुंबईच्या बोटीत चढणारा चाकरमानी आठवा. फरक एवढाच, की यांची बोट इंग्लंडला लागायची. ज्यांच्याविरुद्ध बंदूक उचलली, त्यांच्याच देशात पोरे विटा वाहायला जात होती आणि गावाकडची चूल त्यांच्या मनिऑर्डरीवर पेटत होती. पोस्टात उभ्या राहिलेल्या त्या सोळा वर्षांच्या मुलाला, आता पन्नाशी ओलांडल्यावर, हे काय वाटत असेल?

लेमासनी स्वतःच बांधलेली भिंत उतरवायला घेतली. हे एका रात्रीत झाले नाही आणि कल्पना सगळ्या त्यांच्या नव्हत्या. परदेशी उद्योग आणण्यासाठी पुढे नावाजलेले औद्योगिक विकास प्राधिकरण विरोधकांनी १९४९ साली स्थापले, तेव्हा लेमासनी त्यावर सडकून टीका केली होती. सत्तेवर परतल्यावर ते मोडायचे सोडून त्यांनी चालू ठेवले. निर्यातीच्या नफ्यावरची करसवलतही विरोधकांचीच, १९५६ ची. अर्थखात्याचे सचिव व्हिटेकर यांनी १९५८ मध्ये विकासाचा आराखडा मांडला. त्याच वर्षी मालकीचा कायदा सैल झाला आणि १९५९ मध्ये लेमास पंतप्रधान झाले. १९६३ आणि १९६४ मध्ये त्यांनी, समोरून कुणी काही न देता, जकाती दहा-दहा टक्क्यांनी उतरवल्या.

परदेशी कंपनी म्हणजे नुसता पैसा, असा समज आपल्याकडेही आहे. पैसा आम्ही बँकवालेही देत होतो. पण कर्जदाराला गिऱ्हाईक कुठून देणार? परदेशी कंपनी आपली बाजारपेठ बरोबर घेऊन येते, आणि छोट्या देशाला नेमकी तीच नसते. शॅननचेच पाहा. अटलांटिक ओलांडणारी विमाने तिथे इंधनासाठी उतरत. जेट विमाने आली तशी उतरायची गरज संपू लागली. विमानतळ ओस पडायची पाळी. तेव्हा ब्रेंडन ओ’रेगन या तिथल्याच कल्पक माणसाने कारखान्यांची करमुक्त वसाहत वसवण्याचा घाट घातला आणि सरकारने पाठबळ दिले.

आराखड्यात वर्षाला दोन टक्के वाढ धरली होती. झाली सुमारे चार टक्के. १९६५ च्या जानेवारीत लेमास बेलफास्टला जाऊन उत्तर आयर्लंडच्या पंतप्रधानांना भेटले, डिसेंबरात ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार केला, आणि पुढच्या वर्षी पायउतार झाले. ११ मे १९७१ रोजी ते गेले. युरोपच्या सामाईक बाजारपेठेसाठी त्यांनी १९६१ मध्ये अर्ज केला होता. प्रवेश मिळाला १ जानेवारी १९७३ ला.

या वाटेची किंमतही त्या देशाने मोजली. १९७७ मध्ये लिमरिकचा एक डच मालकीचा कारखाना बंद पडला आणि सुमारे चौदाशे कामगार एकदम घरी बसले. मालक परका असला की निर्णय समुद्रापलीकडे होतो, आणि दाद मागायची तर कोणापुढे? पुढे कमी कराच्या लोभाने कंपन्यांनी नफे आणि पेटंटे कागदोपत्री तिथे हलवली. २०१५ मध्ये आयर्लंडचे उत्पन्न एका वर्षात सव्वीस टक्के वाढल्याचे जाहीर झाले आणि अर्थशास्त्र्यांनी कपाळाला हात लावला. सरकारी सांख्यिकी खात्याला खरे उत्पन्न मोजायला वेगळे माप शोधावे लागले. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालवलेल्या मला तर हे वाचून हसावे की रडावे कळेना. २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ॲपलकडून तेरा अब्ज युरोंचा थकीत कर वसूल करा म्हणून सांगितले, तोही आयर्लंडच्या सरकारला नको असताना! करमाफीचे हत्यार लेमासनी वापरले ते घरातल्या पोरांना घरातच काम मिळावे म्हणून. या कागदी नफ्यातून किती पोरांना काम मिळाले, हे त्यांनी नक्की विचारले असते.

२०२२ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांवर गेली. बोटी आता उलट्या वाहतात. आमच्या सोसायटीतली एक मुलगी डब्लिनला एका अमेरिकी कंपनीत आहे. तिला मी केपल स्ट्रीटचा फोटो पाठवायला सांगितला. तो रस्ता २०२२ पासून पायी चालणाऱ्यांसाठीच आहे. फोटोत खाण्याची दुकाने दिसतात, बाहेर मांडलेली टेबले, गप्पा मारत बसलेली तरुण पोरे. टोप्यांचे दुकान काही दिसले नाही.