ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

प्रभु येशू ख्रिस्तानें आपल्या प्रेषितांस सर्व राष्ट्रांकडे धाडिलें, तेव्हां त्यांच्यापाशीं ना सैन्य होतें, ना द्रव्य. पवित्र आत्मा उतरला त्या दिवशीं यरुशलेमांत जमलेल्या देशोदेशींच्या यात्रेकरूंनीं त्यांचा उपदेश आपापल्या मातृभाषेंत ऐकिला. पुढें त्याच नगरींत प्रेषितांची सभा भरून, इतर राष्ट्रांतून आलेल्या श्रद्धावंतांवर सुंतेचें ओझें लादूं नये असा निर्णय झाला. प्रेषितांचा हा कित्ता मराठी भाषेंत ज्यांनीं गिरविला, त्या येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीप्रसंगीं आठवणें उचित होय.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. त्या काळीं तेथें कॅथोलिक धर्म पाळणें जोखमीचें झालें होतें. त्यांचे परममित्र थॉमस पाउंड ह्यांस श्रद्धेपायीं तुरुंगवास घडला. स्टीफन्स रोमला गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून गलबतांत बसून ते २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. तेथें गुरुदीक्षा घेऊन दक्षिण गोव्यांतील साष्टी प्रांतांत त्यांनीं आयुष्य वेंचिलें. स्वदेश त्यांस पुन्हां दिसला नाहीं.

तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेनें साष्टींतील देवळें पाडिलीं होतीं व लोकांचीं मनें दुखावलीं होतीं. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें, अकबर बादशहाच्या दरबारीं जाऊन आलेले फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रांत फादर स्टीफन्स यांनीं ह्या देशाच्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते असें नमूद केलें. सहकाऱ्यांच्या रक्तानें भिजलेल्या भूमीच्या भाषेविषयीं त्यांच्या मनांत कटुता उरली नाहीं, आदरच वाढला.

नवख्रिस्ती लोकांचें एक मोठें दुःख होतें. त्यांचीं जुनीं पुराणें गेलीं होतीं आणि त्यांच्या जागीं गाण्याऐकण्यास कांहींच मिळालें नव्हतें. आम्हांस नवें पुराण द्या, अशी त्यांची मागणी होती. फादर स्टीफन्स यांनीं ती मानिली. लोकांच्या बोलण्याची कोंकणी व ग्रंथांची मराठी ह्या दोन्ही भाषा ते शिकले, आणि जगाच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांनीं सुमारें ११,००० ओव्यांत गुंफिली. १६१६ सालीं रायतूर येथें ख्रिस्तपुराण छापून निघालें. त्याची लिपि रोमन, परंतु ओवी अस्सल मराठी. १६१९ सालीं ते प्रभूच्या घरीं गेले. त्यांचें कोंकणी धर्मशिक्षणाचें पुस्तक १६२२ सालीं व कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं प्रसिद्ध झालें.

१६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयानें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढिलें. तथापि पुराण लोपलें नाहीं. भाविकांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. १९०७ सालीं तें मंगळुरास पुन्हां छापलें गेलें व १९५६ सालीं पुण्यास देवनागरींत अवतरलें.

आमच्या बारामती-इंदापूर भागास हें चरित्र परकें वाटण्याचें कारण नाहीं. बारामती ही कविवर्य मोरोपंतांची भूमि. १७९४ सालीं त्यांनीं येथेंच देह ठेविला. त्यांच्या जन्मापूर्वीं ११३ वर्षें ख्रिस्तपुराण छापून झालें होतें. दर वर्षीं पंढरीस जाणारी तुकोबांची पालखी बारामतीस व इंदापुरास मुक्काम करिते. ओवी व अभंग येथील प्रत्येक कानास ओळखीचे आहेत. अशा शेजाऱ्यांमध्यें राहून आपली श्रद्धा सांगावयाची, तर त्यांची भाषा, त्यांचे सणवार व त्यांचीं दुःखें आपण आधीं मनःपूर्वक जाणून घेतलीं पाहिजेत. फादर स्टीफन्स आधीं शिष्य झाले, मग गुरु. बळजबरीनें मनें दुरावतात, हें त्यांच्या काळानें दाखविलें. प्रेमानें शिकलेली भाषा चारशें वर्षें टिकते, हें त्यांच्या ग्रंथानें दाखविलें.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतील मुलांस ह्या पुरुषाचें नांव सांगा, आणि त्यांच्या पुराणांतील कांहीं ओव्या प्रार्थनेच्या वेळीं म्हणण्याचा परिपाठ ठेवा. प्रेषितांची ती नम्र वृत्ति प्रभु आम्हां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणीं विनंती.